कारवीच्या वर्षीची नोंद

कुरवंड्याच्या वाटेवर कारवीला कळ्या धरल्यात, ही बातमी मला आमच्या दूधवाल्याने दिली. "औंदा फुलनार बगा आबा," तो म्हणाला, "माश्या आत्ताच फिराया लागल्यात." दूध आत ठेवलं, छत्री घेतली आणि दोन तास चालून मी स्वतः पाहून आलो. गुडघे आता नाही म्हणतात, पण ऐकीव गोष्टीवर नोंद करायची नाही, हा माझा नोकरीतला नियम. नागफणीच्या सुळक्याकडच्या उतारावर खरखरीत पानांच्या काखेत हिरवट, चिकट कणसं उभी होती. काही कणसांच्या टोकाला जांभळा ठिपका दिसत होता. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे, मग डोंगर पेटल्यासारखा निळा होणार.

कारवी सहा वर्षं नुसती वाढते. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. काठ्या तोडून कुडाला वापरतात, तेवढाच तिचा उपयोग. सातव्या वर्षी ती एकदाच फुलते आणि मरते. मी सत्तरीला टेकलो आहे. पुढची कारवी मी पाहीन की नाही, सांगता येत नाही. म्हणून उतरतानाच ठरवलं, ही फुलं सुकण्याआधी मागच्या कारवीचं जे राहिलं आहे ते पुरं करायचं.

मागच्या कारवीच्या वर्षी मी नुकताच टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालो होतो. कुरवंडे आणि आसपासच्या गावांतल्या बायकांनी तेव्हा एक संस्था काढली होती. कारवी बघायला येणाऱ्यांना वाट दाखवायची आणि घरचं जेवण द्यायचं, असं त्यांचं काम. येणाऱ्यांनी संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, आणि आज कोणत्या घरी किती पानं वाढता येतील हे बायकांनी तिथेच सकाळी भरायचं. संस्थेच्या अध्यक्ष कुसुमताई, लोणावळ्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही एवढी वर्षं गावाचे फोन चालू ठेवलेत, हा एक सर्व्हर नाही का सांभाळणार?" मला ते आवडलं. निवृत्त माणसाला कोणी सांभाळायला काही दिलं, की तो त्याचा मालक होऊन बसतो.

बाजारात पंखे दुरुस्तीच्या दुकानावर आमची खोली होती. अजूनही आहे. वायंडिंगच्या वॉर्निशचा वास जिन्यातून वर यायचा. खिडकी उघडली की धुकं पाहुण्यासारखं आत येऊन बसायचं. लोणावळ्यात पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटातसुद्धा बल्ब लावून ठेवतात, नाहीतर बुरशी धरते. मी सर्व्हरच्या कपाटात चाळीस वॅटचा बल्ब लावला होता. बाहेर दिवसभर राखाडी उजेड आणि कपाटाच्या फटीतून ती पिवळी रेघ. त्या हंगामाची आठवण म्हटली की मला जांभळ्या डोंगराआधी ती पिवळी रेघ दिसते.

आणि त्या रेघेशेजारी सुरेखा. सुरेखा बबन कडू, कुरवंड्याची सून. लग्नाआधी संगणकाचा डिप्लोमा झालेला, मग दहा वर्षं भातखाचरं आणि गुरं. संस्थेत ती भाकरी करायला आली होती. एकदा मला अडलेलं बघून तिने खांद्यावरून वाकून दोन ओळी दुरुस्त केल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कुसुमताईंनी तिची चुलीवरून बदली केली. मला ती आबा म्हणायची. सर्व्हर रेंगाळला की म्हणायची, "आबा, ह्ये आमच्या सासूबाईवानी हाये. बोलावलं की लगेच येत न्हाई, आन् आलं की जात न्हाई."

सर्व्हर म्हणजे एकच यंत्र, पण आत अनेक छोटे कारागीर असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. आमच्याकडे अकरा होते. एक फोटो दाखवणारं, एक हवामान सांगणारं, एक पानांची बेरीज करणारं. बारावं सुरेखाने लिहिलं. त्यामुळे फॉर्म मराठीत दिसायचा आणि उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी अक्षरं उमटायची. तोवर बायकांची नावं कोणीतरी इंग्रजीत भरून द्यायचं. आता त्या स्वतः भरू लागल्या. पार्वतीमावशी साठीच्या, बोटाला पीठ, आणि जोडाक्षर उमटलं की पोरीसारख्या हसायच्या. "सुरेखे, माझं नाव म्या लिवलं गं!"

अकरांपैकी एक मॉड्यूल माझं होतं. नोंदींचं. कोणी, केव्हा, काय भरलं, याची नोंद ते ठेवायचं. एक्स्चेंजमध्ये आमच्याकडे फॉल्ट रजिस्टर असायचं. वेळ, लक्षण, कारण, उपाय आणि सही, असे पाच रकाने. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक निघाली तर त्याखाली लाल शाईने दुरुस्ती लिहून सही करायची. मी सर्व्हरसाठीही तसंच एक जाड रजिस्टर आणून बल्बशेजारी ठेवलं होतं, आणि तीच शिस्त मॉड्यूलमध्ये उतरवली होती. माझ्या नोंदींचा मला फार अभिमान होता.

डोंगर निळा झाला आणि सर्व्हर कोसळू लागला. नेमका शनिवारी सकाळी, बायका पानं भरायला बसल्या की. पुन्हा चालू करायचा, पाव तास चालायचा, पुन्हा आडवा. एका शनिवारी दहा पानं सांगितलेल्या पार्वतीमावशींच्या दारात चाळीस माणसं उभी राहिली. मावशींचा फोन आला. "आबा, तुमचं मशिन येडं झालंय का? आता काय डोंगुर खाया घालू?" मागून माणसांचा कालवा आणि शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं.

मी शोधाला लागलो. खरं सांगतो, त्या दिवसांत मी सुखात होतो. एक्स्चेंजमध्ये फॉल्ट शोधताना यायची तीच धुंदी. सर्व्हर कोसळताना मागे एक माग ठेवून जातो. शेवटच्या क्षणी कोणत्या मॉड्यूलचं काम चालू होतं ते त्यात दिसतं. मी सात माग काढले. सातही सुरेखाच्या मराठी मॉड्यूलपाशी येऊन थांबत होते. तरी मी घाई केली नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. बाकीची मॉड्यूलं एकेक करून बंद करून पाहिली. फोटोंचं काढलं, हवामानाचं काढलं. प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये नोंद. सुरेखा शेजारी स्टुलावर बसून माझ्यासाठी यादीवर खुणा करत होती. दहावी खूण केल्यावर पेन्सिल थांबवून तिने विचारलं,

"आबा, तुमचं बंद करून बघितलं का?"

"माझं?"

"नोंदीचं. तुमचं आन् माझं, दोनच ऱ्हायल्यात."

"अगं, नोंदीचं बंद केलं तर नोंद कोण करणार?" मी म्हणालो. हसून म्हणालो, पण ती गप्प बसेना तेव्हा हसू गेलं. "सुरेखा, मी एक्स्चेंज चालवलंय. तू खाचरात चिखल तुडवत होतीस तेव्हापासून."

तिने पेन्सिल खाली ठेवली. खाली दुकानात कोणीतरी दुरुस्त झालेला पंखा लावून पाहत होतं. त्याची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली.

मी मराठी मॉड्यूल बंद केलं. फॉर्म पुन्हा इंग्रजीत गेला. बायका मला फोनवर आकडे सांगू लागल्या आणि मी "Parvati, 10" असं भरू लागलो. सर्व्हर त्या शनिवारी कोसळला नाही. पुढच्याही नाही. याहून मोठा पुरावा काय हवा? रजिस्टरमध्ये मी कोरीव अक्षरांत लिहिलं: कारण, सुरेखा कडू यांचे मराठी मॉड्यूल सदोष. उपाय, कायमचे काढून टाकले. सही, वि. दा. पानसे.

सोमवारच्या बैठकीत कुसुमताईंनी ती नोंद सगळ्या बायकांसमोर वाचली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. लिहिलेलं सगळ्यांना कळावं, ही त्यांची शाळेची सवय. सुरेखा मागे भिंतीला टेकून उभी होती. एक बाई म्हणाली, "जाऊ दे गं, आपल्याला भाकऱ्याच बऱ्या." ते सांत्वन होतं, म्हणून जास्त लागलं असणार. दुसऱ्या दिवशी ती खोलीची किल्ली द्यायला आली. "साहेब, किल्ली," एवढंच म्हणाली. आबा गेला आणि साहेब आला, हे मला ती जिना उतरून गेल्यावर कळलं.

फुलं गेल्यावर कारवीची कणसं वाळतात आणि सगळ्या डोंगराला एक चिकट, गोडसर वास येतो. त्या सुमाराला, रिकामपणी, मी घरच्या संगणकावर सर्व्हरची नक्कल चालवून बघत होतो. मराठी मॉड्यूल त्यात नव्हतंच. आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, जरा फॉर्म भरून दे, बाहेरच्या माणसाला कसा वाटतो बघू. नलिनीने स्वतःच्या मोबाईलवरून मराठीतच भरला. नावाच्या चौकटीत लिहिलं: सौ. नलिनी विनायक पानसे, मु. पो. लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे. आणि बटण दाबलं.

सर्व्हर आडवा झाला.

"अगं, नुसतं नाव लिहायचं ना!" मी ओरडलो.

"अर्ज असाच लिहितात," ती शांतपणे म्हणाली. "चौथीपासून लिहितेय."

खरंच होतं. आमच्या मावळात कोणतीही बाई कागदावर नुसतं नाव लिहीत नाही. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, असं सगळं लिहिते. नाहीतर आपण कोण ते पोचणार कसं? शनिवारी सकाळी त्या सगळ्या बायका स्वतःला पूर्ण लिहीत होत्या. आणि माझ्या नोंदींच्या मॉड्यूलमध्ये मी नावासाठी चौसष्ट खण ठेवले होते. इंग्रजी अक्षराला एक खण पुरतो, मराठी अक्षराला तीन लागतात, काना-वेलांटीला वेगळे तीन. मी ते "वि. दा. पानसे" लिहून तपासलं होतं. एकतीस खणांत बसलो होतो मी. पाहुण्यांची नावं इंग्रजीत, आखूड, तीही बसत होती. बायकांची नावं बसत नव्हती. उरलेली अक्षरं माझ्या चौकटीबाहेर सांडून शेजारच्या जागेत शिरत होती, तिथलं मोडत होती. शेजारी सुरेखाचं मॉड्यूल होतं. चूक माझ्याकडे होती आणि कोसळत ते होतं.

तिचं मॉड्यूल काढल्यावर सर्व्हर सुधारला नव्हता. बायकांनी स्वतःची नावं लिहिणं बंद केलं होतं, एवढंच झालं होतं.

चौसष्टच्या जागी मी पाचशे बारा लिहिले. एका ओळीतला एक आकडा बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. दुसऱ्या दिवशी खोलीवर जाऊन तो खऱ्या सर्व्हरवर चढवला. रजिस्टर बल्बच्या उजेडात उघडं होतं. लाल पेन खिशात होतं. मी रजिस्टर मिटलं.

का मिटलं, याची कारणं मी सात वर्षं गोळा केली आहेत आणि त्यातलं एकही इथे देण्याच्या लायकीचं नाही. नलिनीने आठवड्याने विचारलं, "सुरेखाला सांगितलंत का?" मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही. कारवी सरली तरी पाहुणे येत राहिले, म्हणून पुढच्या वर्षी सुरेखाचं मॉड्यूल मीच परत चालू केलं, "सुधारून" असं सांगून. त्यात मी एक अक्षरही बदललं नव्हतं. बायकांनी माझे आभार मानले.

आणि एवढ्यावरही भागलं नाही. त्याच उन्हाळ्यात तळेगावच्या एका कंपनीतून फोन आला. सुरेखाने तिथे नोकरीला अर्ज केला होता, आमच्या संस्थेचं नाव दिलं होतं. पलीकडच्या गृहस्थांनी सभ्यपणे विचारलं, बाईंचं काम कसं होतं? मी रजिस्टर उघडलं आणि ती नोंद त्यांना वाचून दाखवली. शब्दाला शब्द. तेव्हा मला खरं काय ते ठाऊक होऊन सहा महिने झाले होते. मी खोटं बोललो नाही, फक्त लिहिलेलं वाचलं, असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो. आज ते वाक्य लिहिताना पेन जड होतं.

कारवीची बोंडं फुलानंतरच्या वर्षी फुटतात आणि बिया उडतात. त्या फोनच्या आसपास मी कुरवंड्याच्या वाटेने गेलो होतो. वाळलेल्या कणसांतून टच्, टच् असा आवाज येत होता. उन्हात सगळा उतार बारीक आवाजात मोजत असल्यासारखा. मी तिथून लवकर निघालो.

तर, या वर्षी कळ्या पाहून परत आलो आणि आधी नलिनीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही हो म्हणालात तेव्हा चष्मा पुसत होतात." मग खोलीवर जाऊन कुसुमताईंकडे रजिस्टर मागितलं. कुसुमताई आता थकल्या आहेत, पण अध्यक्ष त्याच. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "विनायकराव, सात वर्षं झाली. कोण बघतंय आता ते रजिस्टर? आपण आपल्यात समजून घेऊ."

"ती नोंद तुम्ही आपल्यात वाचली नव्हती ताई," मी म्हणालो. "सगळ्यांत वाचली होती."

त्यांनी कपाटाची किल्ली दिली.

सुरेखाचं घर कुरवंड्यालाच आहे, पण हंगामात ती आता पवनानगरला धरणाकाठी असते. तंबूंत राहायला येणाऱ्यांना जेवण देते. रजिस्टर पिशवीत घालून मी आधी बसने आणि मग जीपने गेलो. जीपमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर मासळीची टोपली होती. पिशवी भिजू नये म्हणून मी ती सगळी वाट छातीशी धरली. पोचलो तेव्हा सुरेखा परातीत पीठ मळत होती. मला बघून उठली नाही. "या साहेब. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, चौसष्ट खणांपासून. ती मळत राहिली.

"म्या तवाच इचारलं हुतं," ती शेवटी म्हणाली.

"हो. दहावी खूण झाल्यावर."

"ध्यानात हाये म्हंजी." आणि गोळा उलटा करत, "त्येवढ्यासाठी आला व्हय इतक्या लांब?"

मग मी तळेगावच्या फोनचं सांगितलं. तिचे हात थांबले. हे तिला ठाऊक नव्हतं. धरणावरून वारा येत होता आणि तंबूचं कापड फडफडत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती.

"वाचून दावलं तुमी? फोनवर? मोठ्यानं?"

"हो."

"मला वाटलं, माझ्या विंग्रजीमुळं न्हाई म्हनले ते. तवापासनं मी कुनाला अर्ज केला न्हाई साहेब." तिने परातीवर फडकं टाकलं. "आता हितं मला हळूच सांगून काय उपेग? ते मोठ्यानं वाचलं हुतं ना? मग हे बी मोठ्यानं वाचा. सगळ्या बायकांम्होरं. आन् त्या तळेगाववाल्यांना बी लिवा."

"लिहितो. सोमवारच्या बैठकीला येशील?"

"येनार. तुमचं तोंड बघाया न्हाई. ऐकाया."

तळेगावला मी त्याच दिवशी पत्र टाकलं. उत्तर अजून नाही. आलं तर तिला नेऊन देईन, नाही आलं तर पुन्हा लिहीन.

सोमवारी खोलीत पंचवीसेक बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. खिडकीतून धुकं, खालून वॉर्निशचा वास, कपाटाच्या फटीत पिवळी रेघ. सुरेखा मागे भिंतीला टेकून उभी, त्याच जागी. मी आधी जुनी नोंद वाचली. मग ती खोटी कशी ते सांगायला लागलो. खण, अक्षरं, शेजारची जागा. चेहरे कोरे. तेव्हा पार्वतीमावशी पुढे सरकल्या.

"थांबा जरा. म्हंजी वरच्या खाचराचा बांद फुटला, पानी खालच्यात घुसलं, आन् खालच्याचं भात आडवं झालं. असंच ना?"

"असंच."

"आन् वरचं खाचार तुमचं."

"माझं."

"आन् तुमी खालचीला बोल लावला."

"हो मावशी. आणि बांध फुटलेला दिसल्यावर गपचूप लिंपून टाकला. कोणाला सांगितलं नाही."

मग सात वर्षांपूर्वी सांत्वन करणारी बाई हळूच म्हणाली, "म्हंजी पोरीचं बराबर हुतं की गं." कोणीतरी नाक ओढलं. मावशी माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "म्हातारं मानूस तुमी. न्हाईतर आज माझ्या तोंडानं काय निगालं असतं ते त्या मशिनलाबी लिवता आलं नसतं."

मी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि जुन्या नोंदीखाली लाल शाईने लिहू लागलो. लिहिताना मोठ्याने वाचत होतो. वरील नोंद चूक आहे. मराठी मॉड्यूल निर्दोष होते. दोष नोंदींच्या मॉड्यूलमध्ये, नावासाठी जागा अपुरी ठेवल्यामुळे. दोष तेव्हाच कळूनही लपवला. तळेगावला चुकीची नोंद जाणूनबुजून वाचली. दोष कुठे शोधावा हे प्रथम सांगणाऱ्या: सु. ब. कडू. मग सहीच्या रकान्यात नेहमीच्या सवयीने वि. दा. लिहिलं.

माणसांतून वाट काढत सुरेखा टेबलापाशी आली होती. ती वाकून वाचत होती; खांद्यावरून, पहिल्या दिवशीसारखी.

"साहेब," ती म्हणाली, "अर्दंच?"

"म्हणजे?"

"पुरं लिवा की. माजं बी आन् तुमचं बी. मुक्काम पोस्टासकट."

रकाना बोटभर रुंदीचा. मी लिहिलं: सौ. सुरेखा बबन कडू, मु. पो. कुरवंडे, ता. मावळ, जि. पुणे. ओळ रकान्याची रेघ ओलांडून गेली. त्याखाली, सहीच्या जागी, विनायक दामोदर पानसे, मु. पो. लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे. तीही ओलांडून समासात गेली, आणि पुणे हा शेवटचा शब्द पानाच्या कडेला वळवून लिहावं लागलं.

सुरेखाने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग रजिस्टर मिटलं, काखेत धरलं, आणि म्हणाली, "ह्ये आता माझ्याकडं ऱ्हाईल."